पटावर बसण्याआधीची तयारी

हुतात्मा बाबू गेनू यांच्या महाळुंगे पडवळ गावातला एक शाळकरी मुलगा आईबरोबर ओपीडीत आला होता. आठ दिवसांपासून पोटात दुखत होतं, जेवण जात नव्हतं. तपासणीत काही सापडलं नाही. बोलता बोलता कळलं, की पंधरा दिवसांवर तालुक्याची शालेय बुद्धिबळ स्पर्धा आली आहे. गावात तो सहसा कुणाला हार जात नाही. पण गेल्या वर्षी स्पर्धेच्या हॉलमधल्या गलबल्यात त्याला काही सुचेनासं झालं होतं. आई त्याला घाबरू नकोस म्हणून सांगत होती. मीही तेच सांगणार होतो. पण नुसतं सांगून भीती जात नाही. म्हणून त्याला मिखाईल बोट्विनिक यांची गोष्ट सांगितली.

बोट्विनिक यांचा जन्म १७ ऑगस्ट १९११ रोजी तेव्हाच्या फिनलंडमधल्या कुओक्काला गावी झाला. वडील दंततंत्रज्ञ, आई दंतवैद्य. बुद्धिबळ ते शिकले बाराव्या वर्षी, म्हणजे आजच्या हिशेबाने उशिराच. पण १९२५ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्यांनी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवलं. कापाब्लांका तेव्हा लेनिनग्राडमध्ये एकाच वेळी अनेकांशी खेळत होते. १९३१ मध्ये बोट्विनिक सोव्हिएत विजेते झाले. पेशाने ते विद्युत अभियंता होते आणि खेळाकडेही त्यांनी अभियंत्याच्याच नजरेने पाहिलं.

१९४० च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत मात्र ते पहिल्या चारांतही आले नाहीत. हॉलमध्ये प्रेक्षकांचा गोंगाट आणि तंबाखूचा धूर होता. धूम्रपान न करणाऱ्या बोट्विनिक यांना त्याचा फार त्रास झाला. परिस्थितीला दोष देऊन ते थांबले नाहीत. मित्र व्याचेस्लाव रागोझिन यांच्याशी ते सरावाचे डाव खेळू लागले, तेही रेडिओ मोठ्याने लावून. शिवाय रागोझिन यांनी तोंडावर धूर सोडायचा, असं ठरलेलं होतं. पुढच्याच वर्षी सहा निवडक खेळाडूंच्या स्पर्धेत ते अडीच गुणांच्या आघाडीने पहिले आले.

तयारीची त्यांची एक शिस्तच होती. मोठ्या स्पर्धेआधी पंधरा-वीस दिवस शहराबाहेर मोकळ्या हवेत राहायचं. प्रतिस्पर्ध्याचे डाव अभ्यासायचे. नव्या चाली आधी खासगी सरावात तपासायच्या. आणि स्पर्धेच्या पाच दिवस आधी बुद्धिबळ पूर्ण बंद करायचं, म्हणजे मन ताजं राहतं आणि खेळायची भूक लागते. १९४८ मध्ये पाच जणांच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन गुण जास्त मिळवून ते जगज्जेते झाले.

त्यानंतरची तीन वर्षं डॉक्टरेटच्या कामात गेली, स्पर्धा सुटल्या. १९५१ मध्ये ब्रॉन्स्टाइन यांच्याशी १२-१२ अशी बरोबरी झाली आणि केवळ नियमामुळे किताब टिकला. पुढे १९५७ मध्ये स्मिस्लोव्ह यांच्याकडून ते हरले. १९५८ मध्ये किताब परत घेतला. १९६० मध्ये २३ वर्षांच्या मिखाईल ताल यांनी हरवलं. पुढच्या वर्षी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तोही हिशेब त्यांनी चुकता केला. हरलेले डाव ते मांडून बसत आणि स्वतःच्या चुका शोधत. अर्थात ताल यांना तेव्हा मूत्रपिंडाचा आजार होता, हेही विसरता येत नाही. १९६३ मध्ये पेट्रोस्यान यांच्याकडून ते पुन्हा हरले. तयारीने विजयाची हमी मिळत नाही. कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रॅम्निक हे तिन्ही भावी जगज्जेते त्यांच्याकडे शिकले. ५ मे १९९५ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं.

यात वैद्यकशास्त्र काय? ताण आला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी जलद होते, पोटाचं काम मंदावतं. मनात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. त्यातली जागा भीतीने अडवली, तर चालींना जागा उरत नाही. पण जो त्रास वारंवार, सुरक्षितपणे अनुभवला जातो, त्याला मेंदू हळूहळू धोका मानेनासा होतो. रागोझिन यांच्या रेडिओने नेमकं हेच केलं. धुराचा प्रयोग मात्र कुणी करू नये. दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूरही फुप्फुसांना आणि हृदयाला घातकच.

मुलाला तीन गोष्टी सांगितल्या. रोज एक डाव मधल्या सुट्टीच्या गोंधळात, घड्याळ लावून खेळायचा. गेल्या वर्षीचे हरलेले डाव सरांबरोबर पुन्हा मांडायचे. शेवटचे दोन दिवस पट कपाटात ठेवून वेळेवर जेवायचं आणि पोटभर झोपायचं. आईला सांगितलं, की निकालाबद्दल घरात बोलू नका. आणि दुखणं थांबलं नाही, उलट्या झाल्या किंवा वजन घटलं तर लगेच परत या.

महिन्याने दोघं पुन्हा आले. पहिल्या डावाआधी पोटात कळ आली होती, दुसऱ्या डावाआधी आली नाही. तो चौथा आला होता. हरलेला डाव त्याने वहीत उतरवून आणला होता.