डॉ. भाऊ दाजी : व्यवसाय आणि विद्या

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा तीत अवघे आठ जण होते. पुढे प्रार्थना समाजाचे अध्वर्यू झालेले आत्माराम पांडुरंग त्यांत होते आणि रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच भाऊ दाजी, हेही होते. १८४५ साली सुरू झालेल्या या संस्थेने पाश्चात्त्य वैद्यकात निष्णात असा एतद्देशीय वर्ग निर्माण केला खरा. परंतु या वर्गाने उपजीविका कशी करावी, या प्रश्नाचे आयते उत्तर तिच्यापाशी नव्हते.

भाऊंचे पूर्वायुष्य पाहता त्यांना निर्धास्तपणे निर्णय घेण्याची मुभा नव्हती. १८२२च्या सुमारास गोवा-सावंतवाडीच्या परिसरात त्यांचा जन्म झाला. वडील मातीच्या बाहुल्या विकून चरितार्थ चालवीत. मुलाची बुद्धिबळातील चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह धरला, अशी हकीकत चरित्रकार नोंदवतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिष्यवृत्त्या व बक्षिसे यांवर त्यांचे शिक्षण झाले. वडिलांच्या निधनानंतर आई आणि धाकटे बंधू नारायण यांचा भार त्यांच्यावर पडला. काठेवाड-कच्छमधील बालिकाहत्येवरील निबंधास पारितोषिक मिळाले, त्याच संस्थेत अध्यापकाची जागाही मिळाली. ती सोडून ते वैद्यक शिकावयास गेले, ही पहिली जोखीम.

दुसरी जोखीम पदवीनंतरची. सरकारी सेवेत दुय्यम दर्जाची जागा पतकरावी, ही एक वाट होती. तीत नियमित वेतन होते. परंतु वरच्या जागा कंपनीच्या संचालकांच्या मर्जीतल्या माणसांसाठी राखलेल्या होत्या. १८५५ साली त्यांसाठी स्पर्धापरीक्षा सुरू झाली, तीही लंडनमध्ये. दुसरी वाट स्वतंत्र व्यवसायाची. शहरातील बहुसंख्य रुग्ण वैद्य-हकिमांकडे जात. शवविच्छेदन केलेल्या हातांनी नाडी पाहावी, हे पुष्कळांना रुचत नसे. अशा वेळी १८५१मध्ये भाऊंनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले आणि दोघा बंधूंनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

व्यवसायाला यश आले आणि थोड्याच वर्षांत भाऊंनी विपुल द्रव्य मिळविले. तथापि या निर्णयाचे खरे मोल द्रव्यात नाही. १८५२च्या ऑगस्टमध्ये बाँबे असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हा भाऊ तिच्या चिटणीसांपैकी एक होते. कंपनीच्या कारभाराविषयी पार्लमेंटकडे गाऱ्हाणे मांडणाऱ्या संस्थेची अशी धुरा सरकारी चाकरीतील मनुष्याला वाहता आली नसती. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे पहिले एतद्देशीय अध्यक्षपद आणि स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार यांमागेही हेच स्वातंत्र्य होते.

विद्येच्या क्षेत्रात या स्वातंत्र्याचे रूप अधिक स्पष्ट दिसते. संस्कृत विद्येच्या संशोधनास त्या काळी विद्यापीठीय अनुदान नव्हते. भाऊंच्या संशोधनाचा खर्च प्रामुख्याने त्यांच्या दवाखान्याने उचलला. काठेवाडातून आलेल्या भगवानलाल इंद्रजींना त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतले. शिलालेखांचे ठसे आणि हस्तलिखिते यांसाठी भगवानलाल त्यांच्या खर्चाने नेपाळपर्यंत हिंडले. अजिंठ्याचे लेख, आर्यभट-वराहमिहिरादी ज्योतिर्विदांचा कालनिर्णय, कालिदास म्हणजेच राजतरंगिणीतील मातृगुप्त हे प्रतिपादन, ही सर्व कामे रुग्णांच्या गर्दीतून काढलेल्या वेळात झाली. मातृगुप्ताचा सिद्धान्त पुढे विद्वानांनी मान्य केला नाही. परंतु काव्याचा काळ दंतकथेवरून न ठरविता लेख व ग्रंथ यांच्या परस्परसाक्षीने ठरवावा, ही पद्धती टिकली.

स्वतंत्र व्यवसायाने काही पेचही उभे केले. १८६२च्या महाराज अब्रुनुकसानी खटल्यात करसनदास मुळजींच्या बाजूने भाऊंनी साक्ष दिली आणि जदुनाथजी महाराजांच्या गुह्य रोगावर आपण उपचार केल्याचे न्यायालयात सांगितले. वैद्याने रुग्णाचे गुपित राखावे की न्यायासनापुढे सत्य सांगावे, हा प्रश्न येथे निव्वळ तात्त्विक राहिला नाही. ज्याची उपजीविका धनिकांच्या विश्वासावर अवलंबून आहे, त्याने धनिकांच्या गुरूविरुद्ध उभे राहणे म्हणजे उपजीविकाच पणाला लावणे होते.

कुष्ठरोगाच्या बाबतीत पेच निराळा होता. प्राचीन ग्रंथांच्या आधारे औषधे पारखून पाहताना भाऊंनी कडूकवठीच्या बियांच्या तेलाचा उपयोग केला. त्याच जातीच्या तेलांचा वापर विसाव्या शतकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर होत राहिला. मात्र प्रयोग पुरा होईपर्यंत त्यांनी उपाय गुप्त ठेवला आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. शिलालेखाचे वाचन तत्काळ विद्वत्सभेपुढे ठेवणारा संशोधक आणि औषध झाकून ठेवणारा वैद्य एकाच देहात नांदत होते, ही विसंगती चरित्रकाराने लपवू नये. अपुऱ्या प्रयोगाची घोषणा करावयाची नाही, हा शास्त्रज्ञाचा संयमही तीत असू शकेल. परंतु औषध आपल्याच हाती ठेवण्याची जुन्या वैद्यांची रीतही तीत दिसते.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजार बुडाला. त्यात भाऊंच्या संपत्तीचा मोठा भाग गेला. ज्या स्वतंत्र शहरी जीवनाने त्यांना वैभव दिले, त्यानेच ते हिरावून नेले. तरीही संशोधन थांबले नाही. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. मे १८७४मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी जमविलेली हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत आणि भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, त्याला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. दवाखान्याची मिळकत एका पिढीतच सरली. तिच्यातून विकत घेतलेल्या पोथ्या मात्र आजही अभ्यासकांच्या हाती पडतात.