परिचारिकेची प्रतिष्ठा आणि रमाबाई रानडे

रमाबाई रानडे यांचे नाव निघाले की न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी आणि 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या ग्रंथाच्या लेखिका, एवढीच ओळख सांगितली जाते. पांढरपेशा मराठी घरांतील स्त्रियांना रुग्णसेवेचा व्यवसाय खुला करून देण्याचे त्यांचे कार्य मात्र झाकोळून गेले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील कर्करोगग्रस्त बालकांचा प्रश्न विचारात घेताना नेमके तेच कार्य आठवते.

देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात १८६२ साली त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये विवाह झाला तेव्हा त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या व त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकविण्यास आरंभ केला आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष या मुलीने निमूटपणे सोसला. १९०१ मध्ये वैधव्य आले. १९०८ साली मुंबईत सेवासदन स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले; पुढल्याच वर्षी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन उभे राहिले.

शिवण वा शिक्षिकेचे शिक्षण समाजाने एक वेळ मान्य केले असते. परंतु परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, रात्रपाळी करायची, हे कुलीन घराला सोसणारे नव्हते. रमाबाईंनी विद्यार्थिनींना रुग्णसेवेच्या शिक्षणाकडे वळविले आणि त्यांच्यासाठी वसतिगृह चालविले. त्या वसतिगृहाचे महत्त्व थोडे नाही, कारण राहण्याची अब्रूदार सोय नसेल तर कोणताही बाप मुलीला पाठविणार नाही, हे त्या जाणून होत्या. सेवासदनाच्या एका समारंभात केशवपन केलेली विधवा विद्यार्थिनी पारितोषिक घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा सज्जातील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडविली. आभार मानावयास उठलेल्या रमाबाईंनी त्या सुशिक्षित तरुणांची भर सभेत कडक शब्दांत कानउघाडणी केली. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर मराठी परिचारिका ही नवलाची गोष्ट उरली नव्हती.

व्यवसाय मिळाला, अधिकार मात्र अजूनही अपुराच आहे. लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात आणि त्यांतील बहुतांश काळ मूल रुग्णालयात नव्हे, घरी असते. रोजच्या गोळ्या, ठरावीक दिवशी रक्ततपासणी, बाह्यरुग्ण विभागातील इंजेक्शन असा तो क्रम असतो. सिरोंचा किंवा भामरागडच्या बापाला प्रत्येक खेपेस नागपूर गाठावयाचे म्हणजे एस. टी.चे भाडे आणि कित्येक दिवसांची बुडालेली मजुरी. औषध फुकट मिळाले तरी हा खर्च कोणत्याच हिशेबात धरला जात नाही, आणि उपचार अर्ध्यावर सुटण्याचे ते एक मोठे कारण ठरते. शिवाय पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला ताप आला तर प्रतिजैविक काही तासांच्या आत मिळावे लागते; तेव्हा नागपूर फारच दूर असते.

जवळच्या माणसाला शिकवून अधिकार दिला तर काय घडते, याचा दाखला याच भूमीत आहे. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीतील ३९ गावांत खेड्यांतील स्त्रियांना घरोघरी नवजात अर्भकांची शुश्रूषा करण्यास शिकविले. अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले आणि पुढे देशाने ती पद्धत स्वीकारली. कर्करोगाचे औषधोपचार याहून गुंतागुंतीचे आहेत, त्याला खास प्रशिक्षित परिचारिकाच हवी, हे खरे. परंतु अशी परिचारिका तालुक्याच्या रुग्णालयात नेमावयाची तर तिला राहण्यास निवासस्थान, नागपूरच्या तज्ज्ञांशी थेट दूरध्वनी आणि तापाच्या मुलाला वरिष्ठाची वाट न पाहता पहिले इंजेक्शन देण्याचा लेखी अधिकार द्यावा लागेल. यांपैकी निवासस्थानाचा प्रश्न तर रमाबाईंनी पुण्यात शंभर वर्षांपूर्वीच सोडविला होता.