अल्झायमर नावाच्या माणसाची फाईल

कुरकुंभच्या एमआयडीसीत ज्यांचा भाऊ किंवा मित्र औषध कंपनीत ट्रेनी म्हणून लागलाय, त्यांच्या कानावर दोन शब्द सारखे पडत असतात. एक बॅच रेकॉर्ड, दुसरा कंट्रोल सॅम्पल. माल ड्रममध्ये भरून कधीच निघून गेलेला असतो. पण तो कसा बनवला, कुणी काय केव्हा टाकलं, याचा कागद आणि त्याच मालातला थोडासा नमुना कंपनीला जपून ठेवावा लागतो. उद्या शंका आली तर मूळ माणूस नोकरी सोडून गेलेला असला, तरी तिसऱ्याच कुणालातरी तो नमुना काढून पुन्हा तपासता आला पाहिजे.

आज ज्यांच्याविषयी सांगायचंय, त्यांनी एका बाईच्या आजाराच्या बाबतीत नेमकं हेच केलं. त्यांचं नाव आपण रोज घेतो, पण ते एका माणसाचं नाव आहे हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. डॉ. अलॉइस अल्झायमर.

जन्म १४ जून १८६४, जर्मनीत बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या छोट्या गावात. वडील नोटरी. कॉलेजात असताना पोरगं काही फार सरळ नव्हतं. तेव्हाच्या विद्यार्थी संघटनांत तलवारबाजीचं फॅड होतं, त्यात चेहऱ्यावर झालेला वार आयुष्यभर राहिला. डॉक्टरकीचा प्रबंध १८८७ मध्ये लिहिला तो कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर. प्रोजेक्टचा विषय फालतू मिळाला म्हणून रडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

१८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात लागले. प्रमुख होते एमिल सिओली. पुढच्या वर्षी तिथे फ्रान्झ निसल आले, मेंदूच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्याची पद्धत शोधणारे. दोघांची गट्टी जमली. दिवसा वॉर्ड, रात्री सूक्ष्मदर्शक. पुढे अल्झायमरनी एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं, तीन मुलं झाली. फेब्रुवारी १९०१ मध्ये पत्नी वारली. मुलं लहान, म्हणून त्यांची बहीण घर सांभाळायला आली आणि अल्झायमर कामात बुडून गेले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून (दौंडच्या वाचकांना रेल्वेवाल्यांचं घर कसं चालतं ते वेगळं सांगायला नको). बाई विसरायला लागली होती, नवऱ्यावर भलते संशय घ्यायची, स्वयंपाक बिघडायचा, घरात उगाच येरझाऱ्या घालायची. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी म्हणून विषय संपवतात. पण इथे साठी कुठे आली होती?

अल्झायमर तिच्यासमोर बसले आणि प्रश्न विचारून उत्तरं जशीच्या तशी लिहीत गेले. नाव विचारलं, तिने बरोबर सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिथेही तिने स्वतःचंच नाव सांगितलं. फ्लॉवर आणि डुकराचं मांस खाताना काय खातेयस म्हटल्यावर पालक म्हणाली. नाव लिहायला दिलं तर अर्ध्यात विसरली. आपलं स्वतःचंच काहीतरी हरवलंय, एवढं मात्र तिला कळत होतं. यातलं काहीही डॉक्टरांनी सुधारून, नीटनेटकं करून लिहिलं नाही. आजारावर त्यांच्याकडे उपाय नव्हता, पण नोंद पक्की होती.

१९०३ मध्ये अल्झायमर फ्रँकफर्ट सोडून एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले, आधी हायडलबर्गला, मग म्युनिकला. ऑगस्टे मागेच राहिली. तिची खबर ते घेत राहिले. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. आता गोष्ट इथे संपू शकली असती. रुग्ण सिओलींच्या दवाखान्यातली, कागद त्यांचे, मेंदूही त्यांच्याच ताब्यात. पण सिओलींनी केसपेपर आणि मेंदू दोन्ही म्युनिकला पाठवून दिलं. माझ्या मते या अख्ख्या कहाणीतलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते करणाऱ्याचं नाव कुठल्याच आजाराला नाही. खुद्द ऑगस्टेला मात्र याबद्दल विचारावं अशी तिची अवस्थाच उरली नव्हती. आज अशा कामाला लेखी संमती लागते, तेव्हा तसं काही नव्हतं.

म्युनिकची लॅब म्हणजे भलताच प्रकार होता. इटलीतून, अमेरिकेतून तरुण डॉक्टर शिकायला यायचे. सॉलोमन कार्टर फुलर हे कृष्णवर्णीय अमेरिकन डॉक्टर तिथेच शिकून गेले. अल्झायमर प्रत्येकाच्या टेबलाशी बसून त्याच्या सूक्ष्मदर्शकात डोकावत समजावायचे. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर त्यांच्या सिगारचं एकेक थोटूक उरायचं, असं सांगतात. ते स्वतः बराच काळ बिनपगारी होते. पत्नीच्या पैशावर चाललं होतं.

ऑगस्टेच्या मेंदूच्या कापांना चांदीच्या क्षारांनी रंग दिल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते आणि पेशींच्या बाहेर साचलेल्या पदार्थाचे ठिपके. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. प्रेझेंटेशननंतरची ती शांतता तुम्हालाही माहीत असेल.

एका रुग्णावरून आजार ठरत नाही, हे त्यांना कळत होतं. लॅबमधल्या गाएतानो पेरुसिनी यांनी चार रुग्ण गोळा करून अभ्यास छापला. तिकडे प्रागमध्ये ओस्कर फिशर यांनी वृद्धापकाळी भ्रमिष्ट झालेल्या १६ जणांचे मेंदू तपासले, १२ जणांत ते ठिपके सापडले. दोन लॅब, एकच आजार. खरं तर स्लाइड शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. पण १९१० मध्ये क्रेपेलिननी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव देऊन टाकलं आणि फिशर मागे पडले. ते ज्यू होते; नोकरी गेली आणि १९४२ मध्ये नाझींच्या कैदेत त्यांचा अंत झाला.

अल्झायमर स्वतः मात्र नावावर खूश होऊन बसले नाहीत. १९११ मध्ये त्यांनी दुसरा रुग्ण छापला. त्याच्या मेंदूत ठिपके होते, पण गुंते नव्हते. म्हणजे आपल्याच सिद्धांतात न बसणारी केस त्यांनी लपवली नाही. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊला प्राध्यापकपद मिळालं, पण तिथे जातानाच आजारी पडले, हृदयावर परिणाम झाला. १९ डिसेंबर १९१५ रोजी गेले. वय ५१, ऑगस्टे दाखल झाली तेव्हा होतं तेवढंच.

फाईलचं काय झालं? ती फ्रँकफर्टच्या जुन्या कागदांत हरवली. जवळपास ९० वर्षं जग त्या आजाराचं नाव घेत होतं, पण मूळ नोंद कुणालाच पाहता येत नव्हती. २१ डिसेंबर १९९५ रोजी कोनराड माउरर आणि सहकाऱ्यांना ती ३२ पानांची फाईल सापडली. पुढे म्युनिकमध्ये स्लाइडही मिळाल्या. २०१३ मध्ये एका गटाने त्या स्लाइडमधल्या डीएनएत जनुकीय दोष सापडल्याचं जाहीर केलं, तर वर्षभरात दुसऱ्या गटाला तो सापडला नाही. कंट्रोल सॅम्पल जपलेलं असलं की असं भांडता येतं.

२००४ पासून अमेरिकेत एडीएनआय हा प्रकल्प अनेक केंद्रांवर एकाच पद्धतीने मेंदूचे स्कॅन आणि चाचण्या घेऊन त्यांचा डेटा जगभरच्या संशोधकांना खुला करतो. आपल्याकडे लासी-डॅड या पाहणीत महाराष्ट्रासह १८ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या साठीपुढच्या चार हजारांवर लोकांची तपासणी झाली. तिचाही डेटा नोंदणी करून संशोधकांना मिळतो. त्यावरून २०२३ मध्ये भारतातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अंदाज निघाला सुमारे ८८ लाख. त्यासाठी कुणीतरी आजी-आजोबांसमोर बसून, त्यांच्या भाषेत, वार कोणता, महिना कोणता असं विचारत होतं आणि आलेलं उत्तर लिहून घेत होतं.