हवेतून सूर काढणारा शास्त्रज्ञ

वाद्य म्हटले की त्याला स्पर्श करणे ओघानेच आले. तार छेडावी लागते, पट्टी दाबावी लागते, पुडीवर थाप द्यावी लागते किंवा बासरीत फुंकर घालावी लागते. १९२० साली रशियात मात्र असे एक वाद्य जन्माला आले, की ज्याला वादकाने हात लावण्याची गरजच नव्हती. समोर उभे राहून हवेत हात हलवायचे आणि सूर उमटायचे. या वाद्याचे जनक लिऑन थेरेमिन. विद्युतसंगीताच्या इतिहासात आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. मात्र, ज्या विज्ञानाने त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्याच विज्ञानाचा वापर पुढे त्यांच्याकडून हेरगिरीसाठी करून घेण्यात आला.

त्यांचे मूळ नाव लेव सर्गेयेविच तेर्मेन. त्यांचा जन्म १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. लहानपणापासून त्यांना विज्ञान आणि संगीत या दोन्हींची सारखीच ओढ होती. एकीकडे त्यांनी भौतिकशास्त्राचा अभ्यास केला, तर दुसरीकडे चेलो या तंतुवाद्याचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करात रेडिओ यंत्रणेचा अनुभव घेतल्यानंतर ते पेट्रोग्राडमध्ये प्रख्यात भौतिकशास्त्रज्ञ अब्राम योफे यांच्या संस्थेत दाखल झाले.

तेथे वायूंच्या विद्युत गुणधर्मांचे मोजमाप करण्यासाठी ते एक उपकरण तयार करीत होते. आपला हात उपकरणाजवळ नेला किंवा दूर केला, की त्यातून येणारा आवाज चढतो-उतरतो, हे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाने हा दोष मानून दूर केला असता. थेरेमिन यांच्यातील चेलोवादकाने मात्र त्यातून सूर जुळवून पाहिले.

या वाद्याचे तत्त्व समजण्यास फारसे अवघड नाही. पेटीत रेडिओलहरी निर्माण करणारी दोन मंडले असतात. एकाची कंप्रता कायम राहते, तर दुसऱ्याची अँटेनाजवळच्या हातामुळे बदलते. कारण मानवी शरीरही विद्युतभार साठवू शकते. या दोन्ही लहरी कानाला ऐकू येत नाहीत. पण त्यांच्या कंप्रतेतील फरक मात्र सूर होऊन ऐकू येतो. उभ्या अँटेनाजवळचा उजवा हात सुराची उंची ठरवतो, तर आडव्या कडीवरचा डावा हात आवाज लहान-मोठा करतो. त्यात पट्ट्या नाहीत की पडदे नाहीत. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मींड आपोआपच येते. अवघड जाते ते नेमक्या स्वरावर स्थिरावणे.

मार्च १९२२ मध्ये थेरेमिन यांनी क्रेमलिनमध्ये लेनिन यांच्यासमोर या वाद्याचे प्रात्यक्षिक सादर केले. लेनिन यांनी स्वतःही ग्लिंका यांची एक चाल त्यावर वाजवून पाहिली. देशाच्या कानाकोपऱ्यात वीज पोहोचविण्याची मोहीम त्या वेळी सुरू होती. विजेची महती सांगण्यासाठी यापेक्षा आकर्षक साधन कोणते असणार? थेरेमिन यांना प्रात्यक्षिकांसाठी देशभर पाठविण्यात आले. १९२७ मध्ये फ्रँकफर्ट, बर्लिन, पॅरिस आणि लंडन येथील रसिकांना चकित करून त्याच वर्षाच्या अखेरीस ते न्यूयॉर्कला पोहोचले.

अमेरिकेत त्यांचा मुक्काम सुमारे ११ वर्षे होता. १९२८ मध्ये त्यांना वाद्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी आरसीए या कंपनीने ते बाजारात आणले. सर्वसामान्य माणूसही ते सहज वाजवू शकेल, अशी कंपनीची अटकळ होती. ती साफ चुकली. वाद्य शिकायला कठीण होते आणि व्हॉल्व्ह व ध्वनिवर्धकासह त्याची किंमत २०० डॉलरच्या वर जात होती. त्यातच १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. जेमतेम ५०० वाद्यांवर उत्पादन थांबले.

थेरेमिन यांची कल्पकता मात्र थांबली नाही. संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी त्यांनी ऱ्हिदमिकॉन हे तालयंत्र बनविले. आजच्या ऱ्हिदम मशीनचे ते पूर्वज मानले जाते. नर्तकाच्या हालचालींतून सूर निर्माण करणारा रंगमंचही त्यांनी तयार केला. त्यांच्या वाद्याला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती क्लारा रॉकमोर यांनी. हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावे लागलेल्या या वादिकेसाठी थेरेमिन यांनी अधिक संवेदनशील वाद्य बनवून दिले. त्यांनी क्लारा यांना लग्नाची मागणीही घातली. ती मान्य झाली नाही. पुढे त्यांनी लव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तिकेशी विवाह केला. वर्णभेदाच्या त्या काळात अनेक परिचितांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली.

१९३८ मध्ये थेरेमिन अचानक न्यूयॉर्कमधून नाहीसे झाले. त्यांना सोव्हिएत हस्तकांनी पळवून नेले की कर्जाच्या बोजामुळे ते स्वतःहून परतले, यावर आजही मतभेद आहेत. पत्नी मागेच राहिली. दोघांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. ज्या देशाचा गौरव करीत त्यांनी जगभर प्रवास केला होता, त्या देशात स्टालिन यांच्या दडपशाहीचे पर्व सुरू होते. १९३९ मध्ये त्यांना अटक झाली आणि आठ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. कोलिमाच्या श्रमछावणीतून त्यांची रवानगी कैदी शास्त्रज्ञांसाठीच्या गुप्त प्रयोगशाळेत झाली. विमानरचनाकार तुपोलेव आणि पुढे सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे शिल्पकार ठरलेले कोरोलेव हेही अशाच कैद्यांपैकी होते.

या बंदिवासातच थेरेमिन यांच्या हातून त्यांचे दुसरे विख्यात यंत्र घडले. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. ती राजदूतांच्या मॉस्कोतील निवासस्थानी भिंतीवर लावण्यात आली. तिच्या आत एक श्रवणयंत्र दडविले होते. त्यात ना बॅटरी होती, ना तारा. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या, की खोलीतील बोलण्याने त्यातील पातळ पडदा थरथरे आणि परत जाणाऱ्या लहरींबरोबर ते बोलणेही बाहेर जाई. १९५२ मध्ये उलगडा होईपर्यंत ही मुद्रा सात वर्षे ऐकत राहिली. १९६० मध्ये अमेरिकेने ती संयुक्त राष्ट्रसंघात जगाला दाखविली. संगीतवाद्यात हाताच्या हालचालीने विद्युतमंडलात बदल होत असे, येथे तो आवाजाने कंप पावणाऱ्या पडद्यामुळे होत होता; मूळ कल्पना तीच होती.

१९४७ मध्ये त्यांची सुटका झाली आणि श्रवणयंत्रांवरील कामासाठी त्यांना स्टालिन पुरस्कारही देण्यात आला. सुटकेनंतरही ते गुप्तचर यंत्रणेसाठी काम करीत राहिले. त्यांनी पुन्हा संसार मांडला, जुळ्या मुली झाल्या. बाहेरच्या जगाला मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. अमेरिकेत तर त्यांचा मृत्यू झाल्याचाच समज रूढ होता. दरम्यान, त्यांच्या वाद्याचा गूढ स्वर हॉलीवूडमध्ये घुमत होता. १९४५ च्या ‘स्पेलबाउंड’ आणि १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या चित्रपटांत तो प्रेक्षकांनी ऐकला. रॉबर्ट मूग नावाच्या किशोराने १९४९ मध्ये घरीच एक थेरेमिन जुळवले. याच मूग यांनी १९६४ मध्ये सिंथेसायझर घडवून संगीताचा चेहरामोहरा बदलला.

साठच्या दशकात थेरेमिन मॉस्कोच्या संगीत विद्यालयात नव्या वाद्यांवर काम करू लागले. १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संगीत समीक्षकाने ते हयात असल्याचे वृत्त दिले. ही प्रसिद्धी त्यांना महागात पडली. त्यांना कामावरून काढण्यात आले आणि त्यांची वाद्ये मोडून टाकण्यात आली. त्यानंतर मॉस्को विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एका साध्या पदावर ते काम करीत राहिले.

राजकीय वारे बदलले तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. १९८९ मध्ये त्यांना फ्रान्सला जाता आले. १९९१ मध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर त्यांनी पुन्हा अमेरिकेत पाऊल ठेवले आणि क्लारा रॉकमोर यांची भेट घेतली. ज्या व्यवस्थेने त्यांच्या उमेदीची वर्षे हिरावून घेतली, तिच्याच कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व त्यांनी त्याच वर्षी, सोव्हिएत संघ कोसळण्याच्या काही महिने आधी स्वीकारले. ही निष्ठा होती, सवय होती की दिलेल्या शब्दाचे पालन, हे कोडे त्यांच्या चरित्रकारांनाही पडते.

३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्को येथे वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हेरगिरीच्या यंत्रांची जागा आता संग्रहालयात आणि गुप्तचरांच्या इतिहासात आहे. थेरेमिन हे वाद्य मात्र शंभरी ओलांडूनही आज बनवले जाते, शिकवले जाते आणि मैफलीत वाजवले जाते. सत्तेने त्यांच्या बुद्धीचा हवा तसा वापर करून घेतला. त्यांनी हवेतून काढलेल्या सुरांवर मात्र तिला कायमचा ताबा मिळविता आला नाही.