एकाच धान्यावर बोट ठेवणारा डॉक्टर

मुलाला चार-पाच पदार्थ मानवत नाहीत असे लक्षात आले की घरात पहिला प्रश्न उभा राहतो, काय काय बंद करायचे? आधी दूध जाते, मग गहू, अंडी, शेंगदाणे, एखादी डाळ. यादी लांबत जाते आणि मुलाचे ताट रिकामे होत जाते. आहारातून काय काढायचे आणि ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न वैद्यकशास्त्रालाही अनेक वर्षे सुटला नव्हता. तो एका आजारापुरता का होईना, चोख सोडवून दाखवला डॉ. विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. जगभरातील सीलिॲकचे रुग्ण आज जो ग्लूटेनविरहित आहार घेतात, त्याचा पाया डिके यांनी घातला.

डिके यांचा जन्म १९०५ साली नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्ट या गावी झाला. लायडन येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १९२९ साली ते द हेग शहरातील ज्युलियाना बालरुग्णालयात दाखल झाले. बालरोगशास्त्राचे प्रशिक्षण त्यांनी तेथेच घेतले आणि १९३६ साली, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, त्याच रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्या काळात बालरुग्णालयांत एक विशिष्ट मूल हमखास दिसे. वय एक ते पाच वर्षे, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, हातपाय काडीसारखे, स्वभाव किरकिरा. शौचास फिकट, तेलकट आणि अतिशय दुर्गंधी. खाल्लेले अंगी लागत नसे, उंची खुंटे आणि बरीच मुले दगावत. लंडनचे डॉ. सॅम्युएल जी यांनी १८८८ साली या आजाराचे नेमके वर्णन केले होते. हा आजार बरा झालाच तर आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या एका बालरुग्णाला रोज हॉलंडचे शिंपले खायला दिल्यावर त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि आजार उलटला. मात्र जी यांनी पथ्य सांगताना भाताला मनाई केली आणि दोन्ही बाजूंनी भाजलेल्या पातळ पावाला परवानगी दिली. दिशा बरोबर होती, पण दोषी धान्य ताटात तसेच राहिले.

पुढचा गाजलेला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला. डॉ. सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांच्या आहाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा मुलांपैकी ज्या आठ जणांना हा आहार दिला ती सुधारली, ज्या दोघांना तो मिळाला नाही ती दगावली. पाव, बिस्किटे, बटाटे आणि सर्व तृणधान्ये बंद, आणि केळी मात्र भरपूर, असा तो आहार होता. या आहाराने अनेक मुलांचे प्राण वाचले यात शंका नाही. पण श्रेय केळ्याला मिळाले. खरे काम केले होते ते पाव बंद केल्याने. एकाच वेळी अनेक पदार्थ काढून टाकले होते, त्यामुळे त्यांपैकी नेमका कोणता बाधत होता हे कळायला मार्गच उरला नव्हता. मूल सुधारले की पथ्य संपले, असेही हास मानत. साहजिकच काही मुले पुन्हा पावाकडे वळली आणि त्यांच्या आतड्यांची हानी पुढे चालू राहिली.

डिके यांचे वेगळेपण येथे दिसते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डच बालरोगतज्ज्ञांमध्ये एक निरीक्षण चर्चेत होते, ते असे की काही मुलांचा जुलाब पाव किंवा टोस्ट खाल्ल्यावर उलटतो. डिके यांनी ही गोष्ट मनावर घेतली. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी निवडक मुलांच्या आहारातून गहू काढायला सुरुवात केली. बाकीचे अन्न मुलाला सोसेल तसे चालू ठेवले आणि वजन-उंचीच्या नोंदी महिनोन्महिने, काही मुलांच्या बाबतीत वर्षानुवर्षे ठेवल्या. सुधारणा दिसल्यावर ते तेथे थांबले नाहीत. रुग्णालयाच्या देखरेखीखाली गहू पुन्हा देऊन पाहिला. वाढीचा आलेख खाली वळला. गहू बंद केल्यावर तो पुन्हा वर गेला. काढणे, पाहणे, परत देणे आणि पुन्हा पाहणे या चार पायऱ्यांमुळे नुसत्या शंकेचे रूपांतर पुराव्यात झाले. गहू दिल्याबरोबर काही बिघडत नसे, परिणाम दिसायला दिवस नव्हे तर कधी कधी आठवडे लागत. म्हणूनच रोजच्या धावपळीत हा संबंध आईवडिलांच्या आणि डॉक्टरांच्याही लक्षात येत नव्हता.

१९४१ साली डिके यांनी पाव आणि टोस्ट वगळलेल्या साध्या आहाराविषयी डच वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. लेख डच भाषेत असल्याने बाहेरच्या जगापर्यंत तो फारसा पोहोचला नाही.

त्यानंतर १९४४-४५ चा हिवाळा आला. डच लोक त्याला आजही भुकेचा हिवाळा म्हणतात. पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तुटला, लोकांनी साखरेचे बीट आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले, हजारो माणसे उपासमारीने मेली. गव्हाचा पाव जवळपास नाहीसा झाला होता. सगळी मुले खंगत असताना सीलिॲकची मुले मात्र तग धरून राहिली, काही तर सुधारली. पुढे मदतीचा पाव आल्यावर तीच मुले पुन्हा आजारी पडली, अशी आठवण सांगितली जाते. डिके यांना गव्हाचा शोध या दुष्काळात अचानक लागला, ही कथा फार लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात त्यांचे काम त्याआधी जवळपास दशकभर चालू होते. दुष्काळाने त्यांची खात्री पक्की केली एवढेच.

युद्धानंतर त्यांना उट्रेख्टमध्ये दोन मोलाचे सहकारी मिळाले, रसायनतज्ज्ञ व्हान डी कामर आणि बालरोगतज्ज्ञ वायर्स. शौचातील चरबी अचूक मोजण्याची सोपी पद्धत व्हान डी कामर यांनी तयार केली होती. त्यामुळे मूल बरे दिसते की नाही या अंदाजाऐवजी आकडा हाती आला. गव्हाचे आणि राय या धान्याचे पीठ दिले की चरबी न पचता बाहेर पडे. तांदूळ, मका किंवा बटाटा दिला की तसे होत नसे. १९५० साली डिके यांनी या निरीक्षणांवर प्रबंध सादर केला. पुढे गव्हाचे घटक वेगळे करून पाहिले, तेव्हा धुऊन काढलेला स्टार्च निरुपद्रवी ठरला. दोष निघाला ग्लूटेन या प्रथिनात, त्यातही ग्लायडिन या भागात. कणकेला ताण देणारा चिकटपणा येतो तो याच ग्लूटेनमुळे. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी १९५२ साली स्वतंत्रपणे अभ्यास करून ग्लूटेनवरच बोट ठेवले.

१९५७ साली डिके उट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक आणि तेथील विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे संचालक झाले. पण पक्षाघाताने त्यांना गाठले आणि १९६२ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आतड्याचा तुकडा तपासण्याची सोय त्यांच्या हयातीतच आली होती. ग्लूटेनमुळे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर कशी उलटते, आनुवंशिकतेचा त्यात काय वाटा असतो आणि रक्ततपासणीत हा आजार कसा ओळखायचा, हे सारे पुढच्या पिढ्यांनी शोधले. उपचार मात्र आजही डिके यांचाच आहे, ग्लूटेन आयुष्यभर बंद.

सीलिॲक ही रूढ अर्थाने ॲलर्जी नाही. गव्हाच्या, दुधाच्या किंवा शेंगदाण्याच्या ॲलर्जीत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी, दम लागणे ही लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात, आणि अशी तीव्र प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. सीलिॲकचे नुकसान हळूहळू होते. तरीही डिके यांची शिस्त दोन्हीकडे लागू पडते. लक्षणे आणि तपासण्या यांवरून संशय कशाचा आहे ते आधी ठरवायचे. पदार्थ ठरावीक काळापुरता, बहुधा दोन ते चार आठवडे, बंद करायचा. एकाहून अधिक पदार्थ काढावे लागले तर परत देताना एकेकच द्यायचा. फरक पडला नाही तर तो पदार्थ ताटात परत आणायचा. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर ही चाचणी घरी मुळीच करायची नाही, ती रुग्णालयातच व्हायला हवी. रक्तातील आयजीजी पाहून शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्यांना ॲलर्जीच्या निदानात स्थान नाही. शिवाय विनाकारण दूर ठेवलेल्या पदार्थाची पुढे खरोखरीची ॲलर्जी होण्याचा धोकाही काही मुलांत वाढतो.

सीलिॲकचा संशय असेल तर आणखी एक पथ्य पाळायचे, तपासणीआधी गहू बंद करायचा नाही. तो बंद केला की रक्तातील खुणा आणि आतड्यावरचे बदल पुसट होतात आणि निदान अडते. निदान झाल्यावर मात्र पथ्य पक्के हवे. मराठी घराला हे अवघड नाही, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, तांदूळ यांत ग्लूटेन नसते. अडचण येते ती लपलेल्या गव्हाची. रवा, शेवया, मैदा तर गव्हाचेच, खपली गहूही गहूच. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आणि ज्वारी कितीही निवडून घेतली, तरी गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याच जात्यातून तो भाकरीत उतरतो.

मुलाचे वजन आणि उंची दर महिन्याला लिहून ठेवणे ही डिके यांची साधी सवय कोणत्याही घराला जमण्यासारखी आहे. दूध बंद असेल तर कॅल्शियम कुठून मिळणार आणि अंडी-डाळ बंद असेल तर प्रथिने कुठून, हे आहारतज्ज्ञाशी बोलून त्याच दिवशी ठरवायला हवे. पथ्य सुरू असताना वाढीचा आलेख सपाट होऊ लागला, तर मुलाऐवजी आधी पथ्याची यादी तपासावी.