अँटनी व्हान लेवेनहूक : थेंबांतील सृष्टीचा शोधक

विद्यापीठाची पदवी असल्यावांचून शास्त्राची सेवा करतां येत नाहीं, असा समज आपल्यांत बराच रूढ आहे. ज्याला लॅटिन येत नव्हतें व ज्याचा सारा जन्म कापडाच्या दुकानांत आणि नगरसभेच्या चाकरींत गेला, अशा एका पुरुषानें मनुष्यजातीस एका अदृश्य सृष्टीचें प्रथम दर्शन घडविलें. त्याचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें सांगणार आहों.

अँटनी व्हान लेवेनहूक याचा जन्म हॉलंडांतील डेल्फ्ट या शहरीं १६३२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत झाला. बाप टोपल्या विणणारा; तो अँटनीच्या बालपणींच वारला. सोळाव्या वर्षीं मुलास ॲमस्टरडॅम येथें एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यांत आलें. १६५४ सालीं तो डेल्फ्टला परतला, विवाह करून त्यानें स्वतःचें दुकान थाटलें, आणि १६६० पासून नगरसभागृहाची देखरेख करण्याची नोकरीही पत्करली.

कापडाचें सूत पारखण्यास त्या काळचे व्यापारी भिंग वापरीत. लेवेनहूकला भिंगें घडविण्याचाच नाद लागला. मोहरीएवढें इवलेंसें भिंग तो धातूच्या दोन पातळ पत्र्यांमध्यें बसवी, पाहावयाचा पदार्थ सुईच्या टोंकावर लावी आणि तें साधन अगदीं डोळ्याशीं धरी. पाणी किंवा रक्त पाहावयाचें असल्यास तो तें बारीक कांचेच्या नळींत घेई. त्याच्या उपलब्ध भिंगांपैकीं उत्तम भिंगांतून वस्तु सुमारें २७० पट मोठी दिसते.

हें काम डेल्फ्टबाहेर पोंचलें तें एका तरुणाच्या उदारपणामुळें. रेनिए द ग्राफ हा त्याच शहरांतील अवघ्या एकतीस वर्षांचा वैद्य होता व स्वतःही नामांकित संशोधक होता. त्यानें १६७३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यास पत्र लिहून या अप्रसिद्ध दुकानदाराची ओळख करून दिली. त्याच वर्षीं द ग्राफ मरण पावला. परंतु त्यानें उघडलेलें द्वार पुढें पन्नास वर्षें बंद झालें नाहीं. लेवेनहूक आपल्या डच भाषेंत पत्रें लिही आणि सोसायटी त्यांचीं भाषांतरें प्रसिद्ध करी.

मिरीचा तिखटपणा कशांत आहे हें शोधण्यासाठीं त्यानें मिरे पाण्यांत भिजत घातले होते. कांहीं दिवसांनीं त्या पाण्याचा थेंब पाहतो तों त्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळत असलेले दिसले! पावसाच्या, विहिरीच्या व समुद्राच्या पाण्यांतही त्याला असे जीव आढळले. हा सर्व वृत्तांत त्यानें १६७६ सालच्या ऑक्टोबरांत लंडनला लिहून पाठविला. तेथील विद्वानांचा त्यावर विश्वास बसेना. नेहेमाया ग्रू यानें प्रयोग करून पाहिला, पण त्याला यश आलें नाहीं. तेव्हां लेवेनहूकनें धर्मोपदेशक व इतर प्रतिष्ठित मिळून आठ गृहस्थांना ते जीव दाखवून त्यांच्या साक्षी पाठविल्या. अखेर १६७७ सालच्या नोव्हेंबरांत रॉबर्ट हूक यानें मिऱ्याच्या पाण्यांतील जीव सोसायटीच्या सभासदांस प्रत्यक्ष दाखविले, आणि मग शंकेस जागा उरली नाहीं. १६८० सालीं सोसायटीनें लेवेनहूकला आपला सभासद करून घेतलें. १६८३ मध्यें त्यानें दांतांवरील किटणांत राहणाऱ्या जीवांचें वर्णन पाठविलें. १६९८ सालीं रशियाचा सम्राट पीटर त्याला भेटला, तेव्हां त्यानें ईल माशाच्या शरीरांत रक्त कसें वाहतें हें त्याला दाखविलें. १७२३ सालच्या ऑगस्टमध्यें, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्याचा देहान्त झाला.

या थोर पुरुषाच्या ठायीं एक उणीव होती, ती झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आपण काय पाहिलें तें तो मोकळेपणानें सांगे. तें कसें पाहिलें तें मात्र सांगत नसे. आपलीं सर्वोत्तम भिंगें त्यानें पाहुण्यांस दाखविलीं नाहींत व भिंगें घडविण्याची युक्ति कोणास शिकविली नाहीं. त्यामुळें त्याच्या पश्चात् या सूक्ष्म जीवांचा अभ्यास दीर्घकाळ फारसा पुढें सरकला नाहीं. आश्चर्य हें कीं, २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं न्यूट्रॉनांच्या साहाय्यानें त्याचें एक साधन न उघडतां तपासलें, तेव्हां त्यांतील भिंग हूकनें १६६५ सालच्या आपल्या ग्रंथांत छापलेल्या रीतीनें, कांचेचा धागा वितळवून, केलेलें दिसून आलें. जें एकानें सर्वांसाठीं उघड केलें होतें, तेंच दुसऱ्यानें जन्मभर गुपित म्हणून जपलें!

ही गोष्ट आजही जुनी झालेली नाहीं. १९३१ सालीं बर्लिन येथें मॅक्स नोल व त्याचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी अर्न्स्ट रुस्का यांनीं प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारें सूक्ष्मदर्शक यंत्र रचलें. हा झोत निर्वात जागेंतच नीट चालतो, आणि तेथें उघडें पाणी टिकत नाहीं. म्हणून पदार्थ वाळवून किंवा गोठवून पाहावे लागत. आतां सिलिकॉन नायट्राइडच्या अतिशय पातळ दोन पडद्यांमध्यें द्रव कोंडून त्यांत धातूचे कण वाढतांना पाहतां येतात. लेवेनहूकच्या कांचेच्या नळीचेंच हें नवें रूप होय. परंतु तो झोत स्वतःच पाण्याचे घटक फोडतो. मग दिसलें तें निसर्गाचें कार्य, कीं झोताचा परिणाम? झोत किती तीव्र होता, द्रवाचा थर किती जाड होता, हें संशोधकानें उघड सांगितलें तरच दुसरा तो प्रयोग करून याचा निर्णय देऊं शकतो. म्हणून या विद्येंत नव्यानें पाऊल टाकणाऱ्या तरुणांस आपल्या कामाबरोबर आपली रीतही एकमेकांपुढें मांडावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, लेवेनहूकपासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. त्याची चिकाटी व त्याची सत्यनिष्ठा अंगीं बाणवावी. आणि आपणांस साधलेली युक्ति शेजारच्या बाकावरील सोबत्यास सांगण्यांत मात्र द ग्राफ व हूक यांचें अनुकरण करावें.