डांसाच्या पोटांतील रहस्य : डॉ. रोनाल्ड रॉस यांचें चरित्र

हिंवतापाचें दुःख आपल्या खेड्यांस अपरिचित नाहीं. पूर्वीं हा ताप दलदलीच्या दूषित हवेनें येतो असें समजत, व कोणी तर भूतबाधेस दोष देत. हा भ्रम ज्यांच्या परिश्रमानें दूर झाला, त्यांत डॉ. रोनाल्ड रॉस हे प्रमुख होत.

त्यांचा जन्म १३ मे १८५७ रोजीं अलमोडा येथें झाला. १८८१ सालीं ते हिंदुस्थानच्या सरकारी वैद्यकीय खात्यांत दाखल झाले. १८८० सालीं अल्जीरियांत लाव्हेरान नामक फ्रेंच डॉक्टरांस रोग्याच्या रक्तांत हिंवतापाचा सूक्ष्म जीव दिसला होता. पण तो अंगांत शिरतो कसा, हें कोणासच ठाऊक नव्हतें. १८९४ सालीं लंडनांत डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनीं रॉस यांस तो जीव दाखविला, व डांसाविषयींचा आपला तर्कही सांगितला.

सिकंदराबादेस येऊन रॉस यांनीं दोन वर्षें असंख्य डांस चिरून तपासले. परंतु ते निराळ्या जातींचे असल्यामुळें हातीं कांहींच लागलें नाहीं. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजीं, रोग्याचें रक्त प्यालेल्या ठिपकेदार पंखांच्या डांसाच्या जठराच्या भिंतींत तो जीव वाढतांना आढळला. तेव्हां त्यांनीं देवाचे उपकार मानणारें काव्य रचिलें.

इतक्यांत त्यांची बदली झाली. १८९८ सालीं कलकत्त्यास त्यांनीं पक्ष्यांचा हिंवताप अभ्यासिला. तो जीव डांसाच्या लाळेच्या पिंडांत पोहोंचतो, व अशा डांसाच्या दंशानें निरोगी चिमण्यांस बाधा होते, हें त्यांनीं सिद्ध केलें. ह्या परोपजीवी जीवास दोन यजमान लागतात, आणि वाटेल तो यजमान त्यास चालत नाहीं. चिमणीचा रोग एका जातीचा डांस नेतो. मनुष्याचा दुसऱ्या जातीचा, म्हणजे ॲनॉफिलीस. मनुष्याविषयींचा पुरावा त्याच वर्षीं इटलींत ग्रासी व त्यांच्या सोबत्यांनीं पुरा केला.

१९०२ सालीं रॉस यांस नोबेल पारितोषिक मिळालें. श्रेयाविषयीं ग्रासी यांजशीं त्यांचा कटु वाद झाला. थोर माणसेंही निर्दोष नसतात. १६ सप्टेंबर १९३२ रोजीं ते लंडनांत निवर्तले.

बंधुभगिनींनो, हा डांस सांचलेल्या पाण्यांत वाढतो. म्हणून आजाऱ्यासाठीं जोडलेले हात दारापुढील डबकें बुजविण्यासही पुढें व्हावेत. रात्रीं मच्छरदाणी वापरावी, व ताप येतांच गंडादोऱ्याच्या नादीं न लागतां रक्त तपासून घ्यावें. शेजाऱ्यावर प्रीति करण्याचा हाही एक मार्ग आहे.